सिलिअ‍ॅकची शंका: औषध देऊनही रक्त वाढत नाही, उंची अडलीय

निशिगंधा

लेक सहा वर्षांची. बरेच महिने हिमोग्लोबिन कमी येतंय. लोहाचं औषध न चुकता चालू आहे, मात्रा वाढवूनही झाली, पण आकडा जागचा हलत नाही. उंचीचंही तेच. तक्त्यावर आधी मधल्या रेषेच्या आसपास असायची, आता दोन रेषा ओलांडून खाली आलीय. जुलाब अजिबात नाहीत, उलट खडा होतो. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगतं, तोंड सारखं येतं, आणि चिडचिड म्हणाल तर मोज्याची शिवण बोटाला लागली म्हणून रडायला सुरुवात झाली की थांबायचं नाव नाही.

डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए अशा दोन तपासण्या लिहून दिल्यात. म्हणाले, सिलिअ‍ॅक आहे का ते बघू. माझ्या डोक्यात सिलिअ‍ॅक म्हणजे सतत जुलाब आणि काटकुळं मूल असंच चित्र होतं. हिच्यात तसं काहीच नाही.

साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं, गव्हानेच होत असेल तर आजपासून गहू बंद करा, पोरीला सुया कशाला टोचायच्या? फरक पडला की कळेलच. नवऱ्यालाही ते पटतंय. खरं सांगायचं तर मलाही अर्धंमुर्धं पटतंय. कुणाला अनुभव आहे का?

ऋचा२१

नको! रक्त दिल्याशिवाय काहीही बंद करू नकोस. पथ्य कुठे पळून जात नाही, निदानाची वेळ मात्र निघून जाते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचं हेच झालं. आधी गहू बंद केला, बरं वाटलं, मग तपासणी केली तर निगेटिव्ह. आता त्याला आजार आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. शाळेत लेखी मागतात तेव्हा दाखवायला कागद नाही, आणि घरातले काही जण म्हणतात, रिपोर्ट तर चांगला आहे, खाऊ दे की.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना निदान झालं, आता शाळेत जातो. काहीही विचार, लिहीन.

पोटोबा

लहान मुलांची पोटं आणि आतडी हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर. तुमच्या डॉक्टरांनी मूल पाहिलंय, मी नाही, हे धरूनच वाचा.

आधी हे की सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. ग्लुटेन कुणालाच पूर्ण पचत नाही. त्याचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्यांच्यात थोडा रासायनिक बदल करतं, आणि ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत अशा काही जणांत प्रतिकारपेशी त्या तुकड्यांवर तुटून पडतात. त्यात अस्तरावरचे बारीक उंचवटे, ज्यांतून अन्न रक्तात जातं, ते झिजून सपाट होतात. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि या आजाराचा पहिला मार बसतो तोही तिथेच. म्हणून औषध पोटात जातं, पण रक्तात पोचत नाही. लोह देऊनही न वाढणारं रक्त हे एवढं एकच लक्षण असलं तरी मी ही तपासणी लिहून देतो.

टीटीजी तपासणी त्या विकराविरुद्ध बनलेली प्रतिद्रव्यं मोजते. ग्लुटेन थांबलं की प्रतिद्रव्यं ओसरू लागतात आणि अस्तर भरून यायला लागतं. मग तपासणी करणं म्हणजे चोर पसार झाल्यावर पहारा बसवणं. त्यानंतर खात्री हवी असेल तर मुलाला कित्येक आठवडे मुद्दाम ग्लुटेन खाऊ घालावं लागतं, आणि तोवर बरं वाटू लागलेलं मूल त्याला तयार नसतं. पाच वर्षांच्या आत आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढते त्या काळात असा प्रयोग शक्यतो टाळतात. ‘बंद करून बघू’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण नंतर तेच सगळ्यांत महाग पडतं.

एकूण आयजीए कशासाठी, तेही सांगतो. काही लोकांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिद्रव्यं मुळातच बनत नाहीत. सिलिअ‍ॅक असलेल्यांत हे प्रमाण २ ते ३ टक्के, म्हणजे इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. अशा मुलाचा टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येणार. तेव्हा आयजीजी प्रकारची तपासणी करावी लागते. कुणाच्या हातात नुसता ‘टीटीजी निगेटिव्ह’ असा कागद असेल आणि शेजारी एकूण आयजीए नसेल, तर तो अर्धाच रिपोर्ट समजा.

राहिलं जुलाब नसण्याचं. पोट मोठं, हातपाय आणि कुल्ले वाळलेले, सारखे जुलाब, हे चित्र दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांत अजूनही दिसतं. मोठ्या मुलांत मात्र बद्धकोष्ठ, पोटदुखी, खुंटलेली उंची, तोंड येणं, पक्क्या दातांच्या वरच्या थरात खड्डे किंवा डाग, यकृताचे आकडे कारणाशिवाय वाढलेले, वयात यायला उशीर, असलं काहीही असतं. काहींत तर काहीच नसतं.

सुमनआजी

निशिगंधा, तुझ्या सासूबाईंचा जीव तुटतोय गं, त्यांना तोडून बोलू नकोस. मीही आजीच आहे. रक्त एकदा काढून झालं की मग काय ते ठरवा म्हणावं. सुई टोचली की मूल दोन मिनिटं रडतं, पण चुकीचं पथ्य जन्मभर पुरतं.

तिरकस

रोष पत्करून लिहितो. हल्ली जो तो ग्लुटेनच्या नावाने बोटं मोडतोय. वजन वाढलं, ग्लुटेन. झोप येत नाही, ग्लुटेन. माणसं हजारो वर्षं गहू खात आली, तेव्हा कुणाला काही होत नव्हतं. नव्या नव्या तपासण्या निघाल्या की नवे नवे आजार सापडणारच.

पोटोबा

तिरकस, फॅडबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. उलट त्या फॅडमुळेच खऱ्या रुग्णांचं नुकसान होतं, कारण ‘ग्लुटेन चालत नाही’ असं सांगितलं की समोरचा मनात हसतो.

पण तीन गोष्टींची सरमिसळ नको. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडकतो. तिचं शास्त्र आणि उपचार वेगळे. दुसरी, ग्लुटेन खाऊन त्रास होतो पण ना प्रतिद्रव्यं, ना आतड्याला इजा, अशी माणसं. त्यांच्यासाठी अजून पक्की तपासणी नाही. तिसरा सिलिअ‍ॅक, ज्यात इजा सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जगभरात साधारण १ टक्का लोकांना तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. डीक्यू२ किंवा डीक्यू८ मात्र ३० ते ४० टक्के लोकांकडे असतात. म्हणजे जनुक आहे म्हणून आजार होईलच असं नाही, पण दोन्ही नसतील तर तो जवळजवळ होतच नाही.

जुनी_वही

‘तेव्हा कुणाला काही होत नव्हतं’ याला माझा आक्षेप. होत होतं, मुलं दगावत होती, फक्त कारण माहीत नव्हतं.

कापाडोशियाच्या अरेटियसने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी अशा जुनाट जुलाबांचं वर्णन करून ठेवलंय. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी मुलांमधल्या या दुखण्यावर निबंध लिहिला. रोगी बरा होणार असेल तर तो आहारानेच, हे त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवलं. त्यात एका मुलाचा उल्लेख आहे. त्याला रोज हॉलंडचे शिंपले खायला दिले तेव्हा तो छान बाळसं धरू लागला, आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा ढासळला. शिंपल्यांत औषध काहीच नव्हतं, ते खाताना पाव पोटात जात नव्हता एवढंच. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुलं त्यानेही सुधारायची, आणि श्रेय जायचं केळ्याला!

खरा गुन्हेगार पकडला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. त्यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. बाकीचा देश उपाशी, आणि या आजाराची मुलं मात्र त्या काळात बिघडली नाहीत. पाव परत आला तशी तीही परत आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. या आजारातली प्रतिद्रव्यं ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध असतात, हे तर थेट १९९७ मध्ये कळलं. म्हणजे आधी आजार, मग कारण, आणि तपासणी सगळ्यांत शेवटी. तुमच्या क्रमाच्या बरोब्बर उलट.

तिरकस

शिंपल्यांचं आवडलं. शब्द मागे घेत नाही, पण आवाज खाली घेतो.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. साबांना पोटोबांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. ‘आधी रक्त, मग पथ्य’ हे आता त्याच सगळ्यांना सांगत सुटल्यात.

रिपोर्ट आले. एकूण आयजीए नॉर्मल. टीटीजी प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दहा पटीहून जास्त. डॉक्टर म्हणतात, आणखी एक वेगळा नमुना घेऊन ईएमए नावाची प्रतिद्रव्यांची तपासणी करू, ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण न घालताही निदान करता येईल. मी मात्र गोंधळलेय, कारण ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो बायोप्सीशिवाय (आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय) पथ्य सुरू करायचं नाही. डॉक्टर घाई करतायत का?

पोटोबा

नाही, ते नियमाला धरूनच चाललेत. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये ही वाट पहिल्यांदा मोकळी केली आणि २०२० मध्ये सुटसुटीत केली. टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त, दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए पॉझिटिव्ह, आणि आईवडिलांची समजून-उमजून संमती, एवढं जमलं तर बायोप्सी लागत नाही. जनुकं तपासायची अटही आता नाही. आकडा दहा पटीच्या आत असेल तर मात्र बायोप्सी हवी. काही ठिकाणचे तज्ज्ञ अजूनही सगळ्यांचीच करतात, तेही चूक नाही.

बायोप्सीची वेळ आलीच तर घाबरू नका. मुलाला झोपवून तोंडावाटे बारीक नळी घालतात आणि आतड्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. किमान चार पुढच्या भागातून आणि एक अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. तुकडा घेताना दुखत नाही. रिपोर्टवर ‘मार्श ३’ असं काही दिसलं तर ती झीज मोजायची श्रेणी आहे, कर्करोगाची पायरी नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या आकड्याने घाबरलेले आईबाप मी पाहिलेत.

ईएमएचं रक्त देऊन होईपर्यंत खाणं जसंच्या तसं ठेवा.

अनिकेत_का

आमचा थोडा वेगळा गाडा. मुलगा अकरा वर्षांचा, टाइप १ मधुमेह आहे. दरवर्षीच्या तपासणीत टीटीजी किंचित वाढलेलं निघालं. लक्षण एकही नाही, उंची उत्तम, पळतो घोड्यासारखा. आधीच दर घासाचे कार्बोहायड्रेट मोजतोय, त्यात आता हे. लक्षणंच नाहीत तर पथ्य कुणासाठी करायचं, हे त्याला काय सांगू? मलाच नीट सांगता येत नाही.

परवा वाचलं, इटलीने २०२३ मध्ये टाइप १ मधुमेह आणि सिलिअ‍ॅक या दोन्हींसाठी सगळ्या मुलांची तपासणी करण्याचा कायदाच केला. म्हणजे आमच्यासारखी घरं बरीच असणार.

पोटोबा

अनिकेत, तुमच्या मुलाचं अजून ठरलेलं नाही, हे पहिलं. मधुमेहाच्या मुलांत थोडंसं वाढलेलं टीटीजी कधीकधी गहू चालू असतानाही आपोआप खाली येतं. त्यामुळे आकडा किंचितच वर असेल आणि मूल ठणठणीत असेल तर काही महिन्यांनी पुन्हा तपासतात, चढत गेला तर बायोप्सी. प्रतिद्रव्यं आहेत पण आतडं शाबूत, अशीही मुलं असतात. त्यांना लगेच पथ्य न देता नुसतं लक्ष ठेवता येतं.

निदान पक्कं झालं तर मात्र लक्षणं नाहीत म्हणून सूट नाही. इजा लक्षणांची वाट बघत नाही. हाडांची घनता कमी राहते, रक्त कमी पडतं, पुढे मूल होण्यात अडचणी येऊ शकतात, आणि फार क्वचित, मोठ्या वयात आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. मधुमेहाच्या मुलांत अन्न नीट शोषलं जात नसेल तर साखर कारणाशिवाय अचानक उतरते. तसं होतंय का ते पाहा. मुलाला समजावताना लिम्फोमापेक्षा हा मुद्दा कामाला येईल.

निशिगंधा

ईएमए पॉझिटिव्ह. निदान झालं.

विचित्र वाटेल, पण आधी हायसं वाटलं. मग कपाट उघडलं आणि डब्यांवरची अक्षरं वाचत फरशीवर बसले. प्रत्येक दुसऱ्या पाकिटावर गहू. ऋचा, कुठून सुरुवात करू?

ऋचा२१

उठ आधी फरशीवरून. :)

सुरुवात न खाण्याच्या यादीने करू नकोस, काय चालतं त्याने कर. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, बटाटा, सगळ्या डाळी, सगळी फळं-भाज्या, दूध, अंडी, मासे, मांस हे सगळं जात्याच ग्लुटेनमुक्त आहे. आपण अडकतो ते पीठ, पाव, केक, बिस्किटं आणि पाकिटातल्या पदार्थांत.

पाकिटाचं घटक-पत्रक दर वेळी वाच. मागच्या महिन्यात चालत होतं म्हणून आज चालेल असं नाही, कंपन्या न सांगता घटक बदलतात. मैदा आणि रवा म्हणजे गहूच, हे तुला माहीत आहे, पण केक करून देणाऱ्या पाहुणीला नसतं. बार्ली लपते ती ‘माल्ट’मध्ये, म्हणून मक्याचे सीरियलही बघून घे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. सूप आणि सॉस दाट करायला पीठ घालतात. ‘गहूविरहित’ लिहिलं म्हणजे ग्लुटेनमुक्त नव्हे, त्यात बार्ली असू शकते. औषधाच्या गोळीत स्टार्च असेल तर तो कशाचा, ते औषधवाल्याला विचारायची सवय लावून घे. मुलं खेळतात ती रंगीत कणीक बऱ्याचदा गव्हाच्या पिठाची असते. हाताळून काही होत नाही, पण सहा वर्षांचं पोर हात तोंडात घालतंच.

आता मिसळणं, म्हणजे ज्यात सगळे गडबडतात ते. ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, हा आंतरराष्ट्रीय निकष. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना झेपतं असं मानतात, रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर आतड्याला इजा होते. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे सबंध दिवसाचा वाटा स्लाइसच्या अडीचशेव्या भागात उरकला! चुरा म्हणून आपण झटकून टाकतो ना, तो एवढा असतो.

म्हणून लोण्याची आणि जॅमची बरणी तिची वेगळी. एकाने पावावर फिरवलेली सुरी पुन्हा बरणीत बुडवली की बरणी गेली. आमच्याकडे तिच्या झाकणावर लाल चिकटपट्टी आहे, ती दिसली की पाहुणासुद्धा हात मागे घेतो. टोस्टर वेगळा. चाळणी वेगळी, कारण तिच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. तडे गेलेले लाकडी चमचे आणि पाटही वेगळे. ज्या तेलात गव्हाचं काही तळलं त्यात तिचं तळू नको. पीठ उडत असेल तेव्हा तिचं ताट उघडं ठेवू नको. धान्य दळायचं असेल तर ज्या यंत्रात गहू जातो त्यात नको. उरलेलं सगळं यंत्र कोण धुणार?

तितकंच महत्त्वाचं, कशाला घाबरायचं नाही ते. स्टीलची, काचेची भांडी साबणाने घासली की झालं, दोन संसार मांडायची गरज नाही. ग्लुटेन जंतू नव्हे, त्यामुळे उकळून किंवा भाजून मरत नाही आणि सॅनिटायझरनेही जात नाही. साबण-पाण्याने जातं. वाफ, वास, शेजारी बसून कुणी पाव खाणं, यातलं काही बाधत नाही. मी सुरुवातीला आलेल्यांना दारातच हात धुवायला लावायचे. लोक येईनासे झाले, आणि त्याचा त्रास पोराला जास्त झाला.

सुमनआजी

ऋचा, सगळं वाचलं. एक विचारते, रागावू नका. कुणाच्या घरी गेलं आणि अगदी एक घास खाल्ला तर? मूल हिरमुसतं हो. सगळी खात असतात आणि हे बघत बसतं.

ऋचा२१

आजी, रागवायचं काय त्यात. पण एक घासही नाही. आज काही होणार नाही कदाचित, आणि तीच तर गोची आहे. काही झालं नाही की पुढच्या वेळी दुसरा घास. तुम्ही त्याच्यासाठी पर्समध्ये त्याचा खाऊ ठेवलात तर तो हिरमुसणार नाही. आमची आजी तेच करते, आणि आता इतर नातवंडं तिच्या पर्सवर डोळा ठेवून असतात.

मुक्काम_पोस्ट

इथे मोठे झालेले सिलिअ‍ॅकवाले कमी दिसतात, म्हणून लिहितो. माझं निदान सातव्या वर्षी झालं, आता तिशी ओलांडलीय.

मला ग्लुटेन चुकून गेलं तरी काहीही होत नाही. बहिणीला मात्र दोन-तीन तासांत उलट्या. लोक मला नशीबवान समजतात. मला उलट वाटतं. शरीर ओरडत नाही, म्हणून सगळं डोक्याने सांभाळावं लागतं. तेरा-चौदाव्या वर्षी मित्रांसमोर ‘मला नको’ म्हणणं हे सगळ्यांत अवघड, आणि त्या वयात बरीच मुलं पथ्य मोडतात. म्हणून त्या आधीच मुलाच्या हातात सूत्रं द्या. वाचता यायला लागलं की पाकीट त्यालाच वाचू द्या. कुणाकडे गेलात तर ‘यात पीठ आहे का?’ हे त्याने विचारायचं, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं. आठव्या वर्षी हे जमलं की पंधराव्या वर्षी लाज वाटत नाही.

आणि कृपा करून दर जेवणानंतर ‘पोट बरं आहे ना?’ विचारू नका. माझ्या लहानपणी आमच्याकडे जेवायला बसलं की माझं पोट हाच विषय असायचा. वाढदिवसाला यजमानांना आधी फोन करून केक कसला ते विचारायचं, तसाच दिसणारा तुकडा डब्यात द्यायचा, आणि विषय संपवायचा. शाळेत वर्गशिक्षिकेकडे एक बंद डबा ठेवा, म्हणजे कुणी अचानक खाऊ वाटला तर याचे हात रिकामे राहणार नाहीत.

तिरकस

प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. घरात दुसरं बाळ येणार असेल तर त्याला गहू उशिरा दिला, किंवा अंगावरचं दूध जास्त काळ पाजलं, तर हे टळतं का? आणि गोळी कधी येणार?

पोटोबा

टळत नाही. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ग्लुटेन लवकर द्या की उशिरा, एकंदरीत आजार होण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं. स्तनपानानेही बचाव दिसला नाही. (स्तनपान इतर शंभर कारणांसाठी करा.) म्हणून आता चार ते बारा महिन्यांच्या दरम्यान कधीही सुरू करा असं सांगतात.

गोळी अजून नाही. लाराझोटाइड नावाच्या औषधाची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. ट्रान्सग्लुटामिनेजला रोखणाऱ्या एका औषधाने प्रौढांवरच्या सुरुवातीच्या चाचणीत आशा दाखवली, पण तेही पथ्याच्या जोडीला असेल, पथ्याऐवजी नव्हे. बाजारात ‘ग्लुटेन पचवणारी’ म्हणून विकतात त्या गोळ्यांच्या भरवशावर मुलाला काही देऊ नका.

निशिगंधा

बऱ्याच दिवसांनी येतेय. पोरीचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) वर आलंय. ज्या लोहाने आधी काही होत नव्हतं तेच औषध आता लागू पडतंय. उंचीची रेषाही वळलीय. मोजे निमूट घालते, हे मला रिपोर्टपेक्षा मोठं वाटतं. टीटीजी मात्र उतरलं तरी अजून नॉर्मल नाही, त्यामुळे कुठून तरी ग्लुटेन जातंय की काय अशी धास्ती. आणखी तीन गोष्टी: दूध प्यायलं की पोट गडगडतं. मोठ्या मुलाला काही त्रास नाही, तरी डॉक्टर त्याची तपासणी करा म्हणतात. आणि ओट्स द्यायचे की नाही? याबाबतीत दहा जण दहा सांगतात.

ऋचा२१

मोज्यांचं वाचून फार बरं वाटलं गं. एक लक्षात ठेव, पाकिटातले ग्लुटेनमुक्त केक-बिस्किटं म्हणजे पौष्टिक नव्हे. बऱ्याचदा त्यात चोथा कमी आणि साखर-स्निग्ध जास्त असतं. आमच्याकडे आधी त्यावरच भर होता, खडा पुन्हा सुरू झाला. आणि सगळं तांदळावरच नको, धान्यं बदलत राहा.

पोटोबा

ज्यांची सुरुवात इतक्या वरून होते त्यांचं टीटीजी नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. आकडा दर वेळी उतरतोय ना, ते पाहायचं. उतरता उतरता अडकला किंवा पुन्हा चढला तर पाळत ठेवा, आणि तेव्हा पहिला संशय चाळणीवर आणि शाळेच्या डब्यावर. आधी सहा महिन्यांनी, मग स्थिरावलं की वर्षाला एकदा तपासणी. त्यात टीटीजीबरोबर उंची-वजन, हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. हिपॅटायटिस बीची लस झालेली असेल तर तिची प्रतिद्रव्यं टिकली आहेत का तेही एकदा विचारा, या मुलांत लशीचा परिणाम कधीकधी कमी पडतो.

दुधाचं तात्पुरतं असतं. लॅक्टोज पचवणारं विकर त्या झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकावरच असतं, अस्तर भरलं की परत येतं. तोवर दूध कमी करा, दही बहुधा सोसतं. दूध कायमचं तोडू नका, हाडांना कॅल्शियम हवंय.

मोठ्या भावाची तपासणी जरूर करा, आणि तुम्हा दोघांचीही. सख्ख्या नात्यात धोका साधारण ५ ते १० टक्के. लक्षणं नसली तरी, आणि त्याने गहू सोडण्याआधी. आत्ता निगेटिव्ह आला म्हणजे कायमचा सुटला असं नाही, काही वर्षांनी पुन्हा पाहावं लागतं. डीक्यू२-डीक्यू८ एकदा तपासून घेतलं आणि दोन्ही नसतील तर त्याच्यापुरता विषय संपला, दर वेळी टोचायला नको.

ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि बहुतेक मुलांना चालतं. पण साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत गहू-बार्ली मिसळलेली असते, आणि अगदी शुद्ध ओट्सही थोड्या मुलांना सोसत नाहीत. टीटीजी नॉर्मलला येईपर्यंत थांबा. मग ग्लुटेनमुक्त म्हणून प्रमाणित असलेलेच आणा, थोडे थोडे द्या आणि पुढच्या तपासणीत आकडा बघा. आत्ता दिलेत आणि टीटीजी अडकलं, तर दोष ओट्सचा की चाळणीचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

निशिगंधा

कळलं. ओट्स पुढच्या वर्षी बघू. मुलाचं रक्त शनिवारी देतोय, आमचंही त्याच दिवशी. साबा म्हणतात, माझंही घ्या, मलाही कित्येक वर्षं रक्त कमी आहे.